अर्थिंग केल्यानं वीज ओढल्या जात नाही, राजेहो

गावातल्या ग्रुपवर मेसेज फिरून राहिला का छतावरच्या वायफाय अँटेनाच्या पाइपाले अर्थिंग केली तर वीज तिथंच पडते, म्हणून वायर काढून टाका. साफ चुकीचं आहे, कोणी काढली असन तर परत जोडून घ्या बाप्पा. वीज उंच टोक धरते, अर्थिंग असो का नसो, अन् नसली तर तोच करंट केबलनं घरात राउटरपर्यंत येऊ शकते. वायर जाड पाहिजे, जमन तितकी सरळ खाली न्यायची, मधात गुंडाळी नाही, अन् तिचा जमिनीत गाडलेला रॉड घराच्या मेन अर्थिंगलेही जोडायचा, वेगळा सोडला तर करंट सामानातूनच वाट काढते. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते तवा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा.

एवढं करूनही थेट वीज पडली तर सामान वाचनच असं नाही, म्हणून आभाळ गरजायच्या आधीच प्लग अन् केबल दोन्ही काढायचं, गरजणं सुरू झालं मंग हातच लावू नका.

अन् ज्यानं जीव जाते त्या ११ केव्हीच्या, म्हंजे ११ हजार व्होल्टच्या, लाइनीचं मेसेजमध्ये नावच नाही! २० फुटी पाइप उभा करताना कलंडला तरी तारेपर्यंत पोचू नये एवढं अंतर पाहिजे, नसन तर जागा बदला.