"कोणाकडेही जाते" हे कौतुक नाहीये

काल एका लग्नात परत तेच. "अगं किती माणसाळू आहे गं तुझी लेक, कोणाकडेही जाते!" म्हणणाऱ्या काकू मनाने फार चांगल्या आहेत म्हणून तिथे काही बोलले नाही, पण घरी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

आमची लेक साडेचार वर्षांची असताना दत्तक आली, आता साडेसात. पहिल्याच आठवड्यात ती सिलेंडर द्यायला आलेल्या माणसाचा हात धरून थेट सोसायटीच्या गेटपर्यंत गेली, एकदाही मागे वळून बघितलं नाही. बागेत कुठल्याही बाईच्या मांडीवर जाऊन बसायची आणि मी जवळ घेतलं की लाकडासारखी ताठ. मला सात महिने मावशी म्हणत होती. संस्थेत सकाळची मावशी वेगळी, दुपारची वेगळी, रात्रीची वेगळी, त्यातली एखादी काम सोडून जाणार, तिच्या जागी नवीन येणार. तिच्या हिशोबाने मीही एक पाळीवाली मावशीच, ड्युटी संपली की जाणारी. यात त्या लेकराचं काय चुकलं? त्या मावशांचंही नाही हो, एकटी बाई किती जणांना कडेवर घेणार.

सगळ्यांचं म्हणणं एकच, प्रेम द्या, होईल ठीक. दिलं की! ती चावायची. उशीखाली पोळीचे तुकडे सापडायचे, मुंग्या लागलेले, आणि पहिल्यांदा सापडले तेव्हा मी रागावले होते, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. एकदा गुडघा चांगला फुटला होता, मला कळलं अंघोळीच्या वेळी, कारण ती रडलीच नव्हती. रडलं की कोणी येतं हे तिला माहीतच नव्हतं.

आठ महिन्यांनी मुलांच्या मानसोपचार डॉक्टर मिळाल्या, तेव्हा अटॅचमेंट डिसऑर्डर, म्हणजे लहानपणी आपल्या अशा एका माणसाशी जवळीक जुळलीच नाही की होणारा त्रास, हा शब्द कळला. यात दोन प्रकार असतात, काही मुलं कोणाच्याच जवळ जात नाहीत, दुखलं खुपलं तरी नाही, आणि काही कोणाच्याही गळ्यात पडतात. २०१३ पासून अमेरिकन डॉक्टरांच्या मॅन्युअलमध्ये ही दोन वेगळी निदानं धरतात. आमची दुसऱ्यातली. रोमानियात बुखारेस्टच्या अनाथाश्रमांमधल्या १३६ बाळांचा २००० पासून अभ्यास झालाय, त्यातली निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून कुटुंबांमध्ये ठेवली, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली त्यांची जवळीक जास्त चांगली जुळली. हे वाचून मी रात्रभर रडले, आमची तर साडेचारची. डॉक्टर म्हणाल्या, उशीर झालाय म्हणजे दार बंद झालं असं नाही, फक्त आता घाई करायची नाही.

मग आम्ही काय केलं, तर भरवणं, अंघोळ, झोपवणं, लागलं तर फुंकर घालणं, हे फक्त मी आणि तिचा बाबा. बाकीच्यांनी खेळायचं, गप्पा मारायच्या, पण उचलून घ्यायचं नाही, खाऊ द्यायचा नाही. सासूबाईंना हे फार जड गेलं, त्यांना वाटलं मी नातीला त्यांच्यापासून तोडतेय, पण एकदा डॉक्टरांकडे आल्या आणि त्यानंतर तिने काही मागितलं की स्वतःच म्हणायच्या, "जा, आईकडून घे." कोपऱ्यात एकटं बसवणं बंद केलं, तिला ते परत टाकून दिल्यासारखंच वाटणार ना. ती आदळआपट करायची तेव्हा मी त्याच खोलीत जमिनीवर बसून राहायचे, कधीकधी तासभर. आणि स्वयंपाकघरात खालच्या फळीवर तिचा एक डबा, बिस्किटं, चुरमुरे, गूळ-शेंगदाणे, कधीही उघड, कोणाला विचारायचं नाही.

एक कळकळीने सांगते, मुलाला जबरदस्तीने आवळून धरायचं, ब्लँकेटमध्ये गुंडाळायचं असलं काही कोणी सुचवलं तर तिथून उठून या. २००० साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये असल्याच "उपचारात" दहा वर्षांची दत्तक मुलगी गुदमरून गेली.

आता माझा खरा राग. नियमाप्रमाणे मूल घरी आल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी फॉलोअप रिपोर्ट होतो. आमच्याकडे रिपोर्ट लिहिणारे आले, वजन, लसी, शाळेत घातलं का, एक फोटो, आणि "ऍडजस्ट झाली ना?" मी हो म्हटलं. हातावर चावल्याचा वण होता, ओढणीने झाकला आणि हो म्हटलं, कारण भीती वाटली की खरं सांगितलं तर पोरीला घेऊन जातील. माझ्यासारख्या किती आया असंच हो म्हणत असतील? रिपोर्ट लिहिणारा वेगळा आणि आईबापांनी मोकळेपणी रडायचा माणूस वेगळा, एवढं तरी करा ना. मूल येण्याआधी घराची चौकशी होते, पगार बघतात, पण ते आल्यानंतर रात्री दोन वाजता ते किंचाळत असताना काय करायचं हे आम्हाला कोणीच शिकवलं नव्हतं. आणि मग जवळचाच एक माणूस विचारतो, "परत देता येते का गं?" त्याच्याशी मी आजही बोलत नाही.

मोठं मूल घेणार असाल तर जरूर घ्या. फक्त संस्थेत विचारून घ्या, तिला रोज झोपवतं कोण, घाबरली की कोणाकडे जाते, काय खायला आवडतं. पहिल्या भेटीत आम्ही फक्त मेडिकल रिपोर्ट बघत बसलो होतो.

डबा अजून भरते मी दर रविवारी. पूर्वी बुधवारपर्यंत रिकामा व्हायचा. हल्ली त्यातली बिस्किटं मऊ पडतात.