रसद कुणी तोडली, रसद कुणी आणली

शेजारच्या देशात चीनचं वजन वाढल्याची बातमी आली की महाराष्ट्रातल्या चर्चांमध्ये ठरलेला सूर लागतो: त्यांना धडा शिकवा, त्यांची रसद तोडा. नेपाळबाबत २०१५ साली तो लागला, मालदीवबाबत जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा लागला. ‘रसद’ हा शब्द आपल्या कानात पानिपताहून येतो. गोविंदपंत बुंदेले मारले गेले, धान्याची वाट बंद झाली आणि १४ जानेवारी १७६१ ला भाऊसाहेबांचं सैन्य उपाशीपोटी रणात उतरलं. रसद तोडणारा जिंकतो, ही गाठ तेव्हापासून मराठी मनात पक्की बसलेली आहे. बर्लिनमध्ये राहून या चर्चा ऐकताना मला ती सोडवावीशी वाटते, कारण या शहराने नेमकं उलटं पाहिलं. इथे १९४८-४९ मध्ये रसद तोडणारा हरला.

साम्यवादाचा फैलाव रोखण्याचं अमेरिकी धोरण तेव्हा नवंच होतं. मॉस्कोच्या अमेरिकी दूतावासातून जॉर्ज केनन यांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये लांबलचक तार पाठवून सांगितलं होतं की सोव्हिएत विस्तार मोठ्या युद्धाविना थोपवता येईल. मार्च १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले. जूनमध्ये परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी युरोपच्या उभारणीची कल्पना मांडली. पुढच्याच उन्हाळ्यात बर्लिनमध्ये या धोरणाची परीक्षा लागली.

महायुद्धानंतर जर्मनी आणि बर्लिन दोन्ही अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांच्यात वाटली गेली होती. पश्चिम बर्लिन हे सोव्हिएत ताब्यातल्या जर्मनीच्या पोटात, दीडशेहून अधिक किलोमीटर आत. २० जून १९४८ ला पश्चिमेकडच्या विभागांत नवा मार्क आला, माणशी ४० मार्क हातात पडले. हेच चलन पश्चिम बर्लिनमध्येही येणार हे दिसताच २४ जूनला सोव्हिएत अधिकाऱ्यांनी रेल्वे, रस्ते, कालवे सगळं थांबवलं. कारण सांगितलं गेलं ‘तांत्रिक अडचणी’. पूर्वेकडून येणारी वीजही तोडली गेली. माणसं वीस लाखांहून अधिक, धान्य साधारण ३६ दिवसांचं आणि कोळसा ४५ दिवसांचा.

इथे एक कागद कामी आला. रस्ते आणि रेल्वे वापरण्याबद्दल पाश्चात्त्य राष्ट्रांकडे लेखी काहीच नव्हतं, सगळा तोंडी व्यवहार. पण बर्लिनला येणारे तीन हवाई मार्ग, प्रत्येकी सुमारे ३२ किलोमीटर रुंद, ३० नोव्हेंबर १९४५ ला लेखी ठरले होते. ट्रक अडवायला एक आडवा बांबू पुरतो. विमान अडवायचं तर ते पाडावं लागतं, आणि तेही सही केलेला करार मोडून.

मग सगळी रसद विमानाने आणायचा हिशेब सुरू झाला, आणि तो किराणा मालाच्या यादीसारखा होता. रोजचं पीठ आणि गहू ६४६ टन, मांस-मासे १०९, चरबी ६४, साखर १८०, मीठ ३८, कॉफी ११, लहान मुलांसाठी ताजं दूध ५ आणि पाव फुगवायला यीस्ट ३ टन. बटाटे वाळवून १८० टन, कारण तेवढेच ताजे आणायचे तर ९०० टन झाले असते. मांसातली हाडं काढून टाकली, तयार पावाऐवजी पीठ आणलं. पाण्याचं आणि हाडांचं वजन विमानाने वाहून नेणं परवडणारं नव्हतं. बाकीचं धरून अन्न एकूण १,५३४ टन. वर कोळसा धरून दिवसाला किमान साडेचार हजार टन. सुरुवातीला हाताशी होती ती सी-४७ विमानं, एका खेपेत जेमतेम साडेतीन टन नेणारी. म्हणजे दिवसाला जवळजवळ तेराशे खेपा. चार इंजिनांची सी-५४ दहा टन नेत, त्यांनी तेच काम साडेचारशे खेपांत होत होतं.

पहिले काही आठवडे नुसती धावपळ झाली. जुलैअखेर अमेरिकी जनरल विल्यम टनर यांच्याकडे कारभार आला. महायुद्धात आसाममधल्या तळांवरून हिमालय ओलांडून चीनला माल पोचवण्याची जबाबदारी त्यांनी सांभाळली होती. बर्लिनला जे जमलं त्याची तालीम चाबुआसारख्या धावपट्ट्यांवर झाली होती, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. १३ ऑगस्टच्या शुक्रवारी ढग खाली उतरले. बर्लिनच्या टेम्पलहोफ विमानतळावर एक सी-५४ धावपट्टीपलीकडे जाऊन पेटलं, मागच्याचे टायर फुटले, तिसरं चुकून अर्धवट धावपट्टीवर उतरून गर्रकन फिरलं. आकाशात विमानांचा थवा घिरट्या घालत राहिला, आणि त्या थव्यात स्वतः टनरही अडकले होते.

त्यानंतर घातलेले नियम मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटतात. हवा स्वच्छ असली तरी विमान उपकरणांवरच चालवायचं. दोन विमानांमध्ये तीन मिनिटांचं अंतर. उतरायची संधी एकदाच. हुकली तर घिरट्या न घालता भरल्या मालानिशी परत जायचं. दक्षिण आणि उत्तरेच्या मार्गाने यायचं, मधल्या मार्गाने परतायचं, समोरासमोर कुणी यायलाच नको. वैमानिकाने विमान सोडून जायचं नाही. हवामानाचा अहवाल आणि खाण्याची गाडी त्याच्यापाशी येईल. दर तीन मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला ४८० विमानं, प्रत्येकी दहा टन. किमान गरज भागवणारा आकडा असा वेळापत्रकातून बाहेर आला. शौर्याच्या कहाण्या पुष्कळ आहेत, पण शहर जगलं ते या कंटाळवाण्या शिस्तीवर.

बिघडायचं ते बारीकसारीक गोष्टींनी. एकूण मालात दोन तृतीयांश कोळसा होता. तो पोत्यांत भरला तरी त्याची भुकटी फटींतून विमानभर पसरायची, विजेच्या जोडण्या आणि नियंत्रणाच्या तारा झिजवायची. मीठ त्याहून वाईट, धातू खाणारं. म्हणून मिठासाठी ब्रिटिशांनी सुंडरलँड जातीची पाण्यावर उतरणारी विमानं लावली. समुद्रासाठीच बांधलेली असल्याने ती गंजत नसत, आणि बर्लिनमधल्या हाफेल नदीच्या पाण्यावर थेट उतरत. हिवाळ्यात पाणी गोठण्याचा धोका आला तेव्हा मीठ हॅलिफॅक्स विमानांच्या पोटाखाली बांधलेल्या पेट्यांतून आणलं गेलं. धावपट्टी बांधायला लागणारी अवजड यंत्रं विमानात मावेनात, तर ती गॅसकटरने कापून आणली आणि बर्लिनमध्ये पुन्हा जोडली.

ती धावपट्टी बर्लिनमधल्या टेगेलची. बॉम्बवर्षावात पडलेल्या घरांच्या विटांचा थर देऊन ती साधारण तीन महिन्यांत उभी राहिली. तीन पाळ्यांत हजारो बर्लिनकर राबले, त्यांत जवळपास निम्म्या बायका, आणि मजुरीबरोबर एक गरम जेवण. माल उतरवणाऱ्या टोळ्या जर्मन होत्या. दहा टन कोळसा त्या काही मिनिटांत रिकामा करत. मेकॅनिक कमी पडले तेव्हा जर्मन हवाई दलाच्या जुन्या मेकॅनिकांना घेतलं, त्यांच्यासाठी दुरुस्तीची पुस्तकं जर्मनमध्ये करून घेतली. तीन वर्षांपूर्वी हेच लोक शत्रू होते. कुणीतरी बाहेरचा आपल्याला जगवतोय, असं न वाटता आपण मिळून हे शहर चालवतोय असं लोकांना वाटलं, ते या हातांमुळे.

त्याचा निकाल आकड्यांत दिसतो. सोव्हिएत बाजूने पश्चिम बर्लिनकरांना पूर्वेत नाव नोंदवून रेशन घेण्याचं आमंत्रण होतं. दिवसात जेमतेम चार तास वीज आणि थंड चुली असतानाही फार थोड्यांनी ते घेतलं. ५ डिसेंबर १९४८ च्या निवडणुकीत एर्न्स्ट रॉयटर यांच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाला ६४.५ टक्के मतं पडली. एप्रिल १९४९ मध्ये एका दिवसात १,३९८ खेपांनी जवळजवळ १३ हजार टन माल उतरला, आणि १२ मे ला रस्ते खुले झाले. अपघातांत ३९ ब्रिटिश आणि ३१ अमेरिकी गेले, शिवाय जर्मन कामगारही. टेम्पलहोफसमोर त्यांचं स्मारक आहे, तीन हवाई मार्गांसाठी तीन दाते असलेलं. बर्लिनकर त्याला ‘भुकेचं दंताळं’ म्हणतात.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. पश्चिमेनेही उलट नाकेबंदी केली होती. रुहरचा कोळसा आणि पोलाद पूर्वेकडे जाणं थांबवलं, त्याने सोव्हिएत विभागातले कारखाने अडचणीत आले आणि मॉस्कोला तडजोडीकडे यावं लागलं, त्यात याचाही वाटा होता. ‘रसद तोडा’ म्हणणाऱ्यांच्या हाती हा खरा पुरावा आहे, आणि तो त्यांनी वापरावा. फक्त काय तोडलं ते पाहावं. कारखान्याचं पोलाद अडवणं आणि घरातला गॅस, रुग्णालयातलं औषध अडवणं यांत फार फरक आहे. पहिल्याने सरकारवर दाब येतो, दुसऱ्याने सामान्य माणूस आपल्याच सरकारला चिकटतो.

मार्शल योजनेबद्दलही आपल्याकडे ढोबळ बोललं जातं. कुठल्याही पॅकेजला ‘मार्शल प्लॅन’ म्हणतात, म्हणजे पैशांचा पाऊस. चार वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर खर्च झाले हे खरं, पण पश्चिम जर्मनीच्या वाट्याला त्यातले सुमारे १.४ अब्जच आले. ब्रिटनला त्याच्या दुपटीहून जास्त. जर्मनीत काम केलं ते खात्याच्या रचनेने. कापड गिरणीला अमेरिकी कापूस हवा असेल तर गिरणी मार्कमध्ये पैसे एका वेगळ्या खात्यात भरायची, कापूस विकणाऱ्याला डॉलर वॉशिंग्टन द्यायचं. खात्यातले मार्क जर्मनीतच राहायचे आणि वीजकेंद्रं, खाणी, घरं यांना कर्ज म्हणून जायचे. परतफेड झाली की तोच पैसा पुढच्याला. फ्रँकफर्टची केएफडब्ल्यू बँक १९४८ मध्ये यासाठीच निघाली, आणि त्या निधीतून छोट्या उद्योगांना आजही कर्ज मिळतं.

आपल्याला तीच महासत्ता पीएल-४८० या अन्नमदतीच्या कायद्याच्या गव्हातून भेटली. १९५४ च्या त्या कायद्याने भारतही गव्हाचे पैसे रुपयांतच भरत होता. पण ते रुपये अमेरिकेच्या नावावर साठत गेले. व्हिएतनाम युद्धावर दिल्लीने टीका केली तेव्हा, १९६५-६६ च्या दुष्काळात, अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजं महिन्या-महिन्याने, स्वतःच्या हाताने सोडायला सुरुवात केली. गहू कोट्यवधींच्या पोटात गेला, आणि तरीही मागे राहिली ती अपमानाची भावना. फेब्रुवारी १९७४ मध्ये साठलेल्या रुपयांतले १,६६४ कोटी एका धनादेशाने भारताला परत दिले गेले, तोवर मनं विटली होती. घास तोंडाशी धरून अट घालणं हीसुद्धा रसद तोडण्याचीच एक तऱ्हा आहे.

आणि व्हिएतनाम. बर्लिनच्या लिख्टेनबर्ग भागात डोंग शुआन नावाचा मोठा व्हिएतनामी बाजार आहे. पूर्व जर्मनीने कंत्राटी कामगार म्हणून आणलेल्यांची वस्ती तिथली. त्यांच्या देशात साम्यवाद रोखण्यासाठी १९६२ मध्ये दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने अमेरिकेच्या पाठबळावर कुंपणबंद खेडी उभारली. मार्चमध्ये बेन कात परिसरात पहिली मोहीम झाली तेव्हा २०५ कुटुंबांपैकी ७० च आपणहून गेली, बाकीची १३५ बळाने हलवली. जुनी घरं जाळली. भातशेती आणि पूर्वजांची थडगी मागे राहिली. कुटुंबामागे २१ डॉलरच्या आसपास भरपाई होती, तीही लोक पळून जाणार नाहीत अशी खात्री पटेपर्यंत रोखून धरलेली. टेगेलला ज्यांच्यासाठी काम होतं त्यांनीच ते केलं, बेन कातला ज्यांच्यासाठी म्हणून केलं त्यांनाच कोंडलं. एकाच राष्ट्राच्या पाठबळाने चौदा वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन गोष्टी.

आता नेपाळ. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथली राज्यघटना आली आणि रक्सौल-वीरगंज सीमेवर ट्रक थांबले. भारताने नाकेबंदीचा इन्कार केला, त्या घटनेवर नाराज असलेल्या तराईतल्या मधेशींच्या आंदोलनाकडे बोट दाखवलं. पण काठमांडूत भूकंपानंतरच्या त्या हिवाळ्यात चूल पेटेना, आणि दोष दिल्लीवर गेला. मार्च २०१६ मध्ये नेपाळचे पंतप्रधान ओली यांनी बीजिंगला जाऊन वाहतूक करार केला. २०१७ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या आणि माओवाद्यांच्या आघाडीला जवळजवळ दोन तृतीयांश जागा मिळाल्या. चीनला थोपवायचं म्हणून जे ‘धडा शिकवा’ म्हणत होते, त्यांच्या पदरात हे पडलं.

उलट उदाहरणंही आपलीच आहेत, आणि ती वाहिन्यांवर टिकत नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवच्या राजधानीतला, मालेतला पाण्याचा प्रकल्प जळाला तेव्हा भारताची विमानं आणि जहाजं पिण्याचं पाणी घेऊन गेली. २०२२ मध्ये श्रीलंकेला इंधन, औषधं, धान्य आणि कर्ज मिळून सुमारे चार अब्ज डॉलरची मदत झाली. आणि सप्टेंबर २०१९ पासून मोतिहारी ते अमलेखगंज अशी ६९ किलोमीटरची नळवाहिनी डिझेल पोचवते आहे. नाकेबंदीत अडकलेले टँकर याच रस्त्यावरचे होते. त्या वाहिनीचा पंप भारताच्या बाजूला आहे. कुठल्याही राजकीय वादात तो बंद होणार नाही, औषधं आणि स्वयंपाकाचा गॅस अडणार नाही, असं दिल्लीने नेपाळला लेखी द्यावं, १९४५ च्या त्या हवाई मार्गांसारखं. महाराष्ट्रातल्या खासदारांकडे ही मागणी करायला काहीच हरकत नाही.