बाक वाजवण्याचं शास्त्र

निवडून आलात, अभिनंदन! गुलाल धुऊन झाला, हार सुकले, आता दिल्ली. 543 जणांच्या लोकसभेत महाराष्ट्राचे 48, त्यातले तुम्ही एक. जाण्यापूर्वी चार गोष्टी ऐकून घ्या.

एक तर राज्यघटना वाचू नका. वाचलीत की उगाच वाटायला लागतं, मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे, आपल्या मंजुरीवाचून सरकारला तिजोरीतला रुपयाही काढता येत नाही. असल्या समजुती घेऊन गेलेल्या माणसाला पहिल्याच अधिवेशनात रक्तदाब सुरू होतो.

तुमचं काम हाताचं. आपला नेता उभा राहिला की बाक वाजवायचा, तोही तळव्याने. बोटांनी वाजवला तर पेरं दुखतात आणि आवाज पुढच्या रांगेपर्यंत पोचत नाही. नेता काय बोलतोय ते ऐकायची गरज नाही. शेजारचा वाजवू लागला की आपण लागायचं. भजनात टाळ धरतो तसंच, फक्त अभंग कुठला ते विचारायचं नाही.

घशाचं काम आवाजी मतदानापुरतं. ‘हो’ कधी आणि ‘ना’ कधी, हे प्रतोद कळवतो. तीन ओळींचा, म्हणजे सगळ्यात कडक, पक्षादेश आला की सदसद्विवेकबुद्धी खोलीवर बॅगेत ठेवून निघा. 1985 पासून पक्षांतरबंदी आहे. एकट्याने उलट मत दिलंत किंवा मतदान टाळलंत, तर खासदारकी जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर वाचलात. पण दोन-तृतीयांश सोबती घेऊन दुसऱ्या पक्षात गेलात, तर त्याला विलीनीकरण म्हणतात. किरकोळीत फितुरी, घाऊकात विलीनीकरण. शिवाय कायद्याने पक्षाला पंधरा दिवसांची मुदत घातली, निकाल देणाऱ्या सभागृहाच्या अध्यक्षांना एका दिवसाचीही नाही. आपल्या विधानसभेचंच बघा. शिवसेना फुटली जून 2022 मध्ये, अध्यक्षांचा निकाल आला जानेवारी 2024 मध्ये, आणि अपात्र दोन्हीकडचं कोणीच ठरलं नाही.

आता पैशाचं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत जिन्यातल्या बल्बच्या 340 रुपयांवर पाऊण तास वाद झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी बिल उजेडात धरून दुकानाचा शिक्का तपासला. ही खोड दिल्लीत नेऊ नका. 23 मार्च 2023 रोजी लोकसभेने सुमारे 45 लाख कोटींचा खर्च गदारोळात, चर्चेविना मंजूर केला. खात्यांच्या खर्चाच्या उरलेल्या सगळ्या मागण्या अशा एकदम मताला टाकण्याला तिथे ‘गिलोटिन’, म्हणजे मान उडवायचं यंत्र, म्हणतात. मान कोणाची, हा प्रश्न मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायच्या तारांकित प्रश्नांच्या यादीत बसत नाही.

विरोधी बाकांवर असाल तर कपातसूचना द्या. अमुक खात्याच्या मागणीतून 100 रुपये कमी करावेत, अशी. शंभरच! ती मंजूर झाली तर सरकारवरच नामुष्की, म्हणून ती मंजूर होत नाही. काकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “मग बिल तरी बघतात का?”

बघतात. त्यासाठी खात्यांनुसार 24 स्थायी समित्या आहेत. दार बंद, कॅमेरा नाही, समोर मंत्रालयाचे सचिव. गेल्या वर्षीचे पैसे का उरले, हे त्यांना तोंडावर विचारता येतं आणि त्यांना उत्तर द्यावं लागतं. म्हणूनच तिकडे फिरकू नका. रील निघत नाही, आणि मुळात आधी अहवाल वाचून जावं लागतं.

स्वतःचं विधेयक आणायची हौस असेल, तर शुक्रवारची दुपार राखीव असते. मंत्री नसलेल्या सदस्यांची 14 विधेयकं आजवर कायदा झाली, शेवटचं 1970 साली. तेव्हा विमानाचं तिकीट शुक्रवार दुपारचंच काढा.

राहता राहिली गणसंख्या. एकूण सदस्यांच्या एक-दशांश, म्हणजे 55 जण सभागृहात लागतात. नसले तरी कोणी बोट दाखवेपर्यंत कामकाज बिनदिक्कत चालतं. दाखवलंच, तर घंटा वाजते. त्या वेळी तुम्ही कँटीनमध्ये असाल. घाबरू नका, चहावर बशी झाकून ठेवायला सांगा आणि जा. डोकी मोजून झाली की परत या, फार गार झालेला नसतो.