भज्याखालचा हमीभाव

कढईतून उतरलेली सुशीला, म्हणजे भिजवून फोडणीला टाकलेले मुरमुरे, दोन-तीन मिनिटंच सुशीला असते. त्यानंतर ती वातड होते. कारण साधं आहे. मुरमुरा म्हणजे आधीच उकडलेला, वाळवलेला आणि तापल्या वाळूत फुलवलेला तांदूळ. आत नुसती पोकळी. पाणी दिसलं की पितो, आणि निवला की दातांशी हुज्जत घालतो. पोहे निवले तर वर लिंबू पिळून वेळ मारून नेता येते. सुशीलेला तो उपाय नाही. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, स्टँडसमोरच्या हॉटेलात, परवा माझी अख्खी प्लेट माझ्या डोळ्यांदेखत वातड झाली. तीही समोरच्या माणसाच्या आपुलकीमुळे. राग अजून गेलेला नाही.

हॉटेल चांगलं आहे, हे मान्यच करायला पाहिजे. दाराशीच कढई, मालक स्वतः झाऱ्यावर, आत चार टेबलं. मराठवाड्यातलं हॉटेल चांगलं आहे की नाही हे ओळखायचं असेल तर बोर्ड वाचू नये, परातीकडे बघावं. पहाटे एकदाच करून परातीत डोंगर रचून ठेवलेली सुशीला असेल तर चहा पिऊन निघावं. इथं दर पंधरा-वीस मिनिटांनी नवी कढई उतरते. मुरमुरे पाण्यात बुडवायचे, पाचापर्यंत आकडे मोजायचे, दोन्ही तळव्यांत दाबून पिळायचे आणि चाळणीत मोकळे करायचे. फोडणीत मोहरी, जिरं, कढीपत्ता, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांदा, हळद. मग मुरमुरे आणि वरून डाळव्याचं भरड कूट. हे कूट नुसतं चवीला नसतं, मुरमुऱ्याच्या अंगावरचं उरलेलं पाणी ते शोषून घेतं, म्हणून गोळा होत नाही. मीठ हात आखडता घेऊन, कारण मुरमुरे फुलवण्याआधीच तांदळाला मिठाचं पाणी दिलेलं असतं. नवखा माणूस पोह्यांच्या अंदाजानं मीठ टाकतो आणि दिवसभर पाणी पीत फिरतो.

मी सुशीला आणि मिरचीभजे सांगितले. ही जोडी काही लातूरची मक्तेदारी नाही. सीमा ओलांडून कर्नाटकात जा, मंडक्की आणि मिर्ची मिळेल. खाली रायलसीमेत कर्नूल-अनंतपूरकडे गेलात तर उग्गाणी आणि बज्जी. निजामाच्या राज्यातून मराठवाडा १९४८ साली सुटला, १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. मुरमुऱ्याशेजारची मिरची मात्र या सगळ्या फाळण्यांत तिन्हीकडे शाबूत राहिली. राज्य पुनर्रचना आयोगाला जे जमलं नाही ते तळणीवाल्यांनी केलं, असं मी मनाशी म्हणत होतो, तेवढ्यात समोरची खुर्ची सरकली.

"पाव्हणं, बसू का?" असं विचारत ते आधीच बसले होते.

सगळे त्यांना मामा म्हणत होते. लातूरच्या आडतीवर आयुष्यभर मुनीम. खिशाला पेन, नजर थेट माझ्या प्लेटवर.

"कुण्या गावचे?"

मी गाव सांगितलं. तेवढ्यात त्यांनी वाढप्याला खूण केली, "पाव्हण्याबरोबर माझी बी आण." त्यांची प्लेट आली. आणि मग एक पद्धत सुरू झाली. माझा चमचा ओठाजवळ आला की मामा प्रश्न विचारायचे, मी उत्तर देत असलो की मामा खायचे. आडनाव काय, वडील काय करायचे, औशाला तुमच्यातले कोण, ते सोयाबीन आडत दुकानवाले तुमचे कोण. वडीलधाऱ्या माणसाला तोंडात घास ठेवून उत्तर देता येत नाही. मामांना हे ठाऊक होतं. त्यांची प्लेट गरमागरम संपत गेली, माझी जागच्या जागी निवत गेली.

"खावा की," ते म्हणाले, "गार करूलालाव उगंच."

मी घाईनं दोन घास घेतले. तेवढ्यात मामांनी हिशेब काढला.

"ह्या प्लेटीत चाळीस ग्रॅम मुरमुरे. ऐंशी रुपये किलोनं तीन रुपये वीस पैसे. दाणे धा ग्रॅम, एक चाळीस. डाळवं धा ग्रॅम, एक रुपया. तेल पंधरा मिली धरा, सव्वादोन. कांदा पाऊण रुपया. मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर, लिंबाची फोड, सगळं मिळून दोन. ग्यास एक. किती झाले?"

मी मनात बेरीज करू लागलो. चमचा हवेतच.

"अकरा रुपये साठ पैसे," मामाच म्हणाले, आणि मान वळवून कढईकडे ओरडले, "मालक, अकरा साठचा माल तीस रुपयाला देऊलालाव. वरचे अठरा रुपये चाळीस पैसे कशाचे वो?"

मालकानं झारा न थांबवता उत्तर दिलं, "बसायचे, मामा. तुम्ही पावणेसातपासून बसलाव."

सगळं हॉटेल हसलं. मामा नाही हसले. त्यांनी ती रक्कम मनात कुठल्यातरी खात्यावर मांडली असावी, कारण ते बराच वेळ गप्प होते. तेवढ्यात मी सुशीला संपवायची होती. पण भजे आले.

भजे आले ते वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, आणि इथून माझ्या सकाळची खरी वाट लागली. मामा खाली वाकले. डोळे बारीक केले. एक भजं उचललं, खालची ओळ वाचली आणि भजं खाल्लं.

"काय झालं?" मी विचारलं.

"सोयाबीनचं हाय," ते म्हणाले. बातमी सोयाबीनच्या हमीभावाची होती आणि माझे पाच भजे तिच्यावर बसलेले होते. मी म्हणालो, मामा, भजे बाजूला सरकवा आणि वाचा. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कुणाच्या तरी ताटाला हात लावायला सांगतोय. उष्ट्या हातानं दुसऱ्याचं अन्न सरकवायचं नाही, उचललेलं परत ठेवायचं नाही. उचललं की खायचं. शिस्त म्हणजे शिस्त.

"चार हजार आठशे ब्याण्णव लिहिलंय. म्हंजे जुना पेपर हाय, २०२४ चा. २०२५ ला पाच हजार तीनशे अठ्ठावीस झाला." दुसरं भजं उचललं. "पर आडतीवर तेवढा मिळूलालाय का, ते खाली लिहिलं असंल."

ते खाली लिहिलेलं नव्हतं. तिथं नुसतं तेल होतं. अक्षरं विरघळून गेली होती.

आता तेल इतकं का, हे सांगितलं पाहिजे. भज्याला तेल साधारण १७० ते १८० अंशांवर हवं. पिठाचा थेंब टाकला की तो तळाशी जाऊन लगेच वर यावा. तळाशीच रेंगाळला तर तेल थंड, टाकताक्षणी वर येऊन काळवंडला तर फार तापलेलं. सकाळच्या पहिल्या घाण्याला गिऱ्हाईक दारात उभं असतं, मालक दोन मिनिटं थांबत नाही, शिवाय कढईत मावतील त्याच्या दीडपट मिरच्या सोडतो. तापमान धाडकन खाली येतं, वरचं कवच धरायच्या आत पीठ तेल पीत सुटतं. त्यात सोडा चिमूटभर जास्त पडला की भजं स्पंजासारखं भरतं. मी शेवटचा घाणा सांगतो तो याचसाठी. परवा मला पहिला मिळाला, कारण म्हणे मी पाव्हणा.

आणि तो कागद. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ सालीच बजावलं होतं की वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ देऊ नका, शाईतले घटक अन्नात उतरतात. पुढे २०१८ च्या वेष्टनाच्या नियमांत बंदीच आली, २०२३ साली पुन्हा आठवण करून दिली गेली. तळणाच्या तेलाचीही मर्यादा आहे, तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं वाढणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांपुढे गेले की ते तेल वापरायचं नाही. तालुक्याच्या गावी हे मोजायला कोण येतो? गरम, तेलकट आणि छापील, तिन्ही एकत्र आलं की शाईला अजून काय पाहिजे. स्टीलची जाळी आणि खाली ताट, एवढाच उपाय आहे, एकदाच पैसे घालायचे. मी हे मालकाला नम्रपणे सुचवलं.

मालक उत्तर देण्याआधी मामाच म्हणाले, "मंग वाचायचं काय?"

याला उत्तर नाही. चौथं भजं गेलं. पाचवं मी पकडून ठेवलं, त्याच्याखाली लग्नाची जाहिरात होती. मामांना तिच्यात रस नव्हता.

चहा आला. दोन. मी एकच सांगितला होता. चहा पिता पिता मामांनी पाण्याचा विषय काढला. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा आडतीसमोरच्या गाड्यावर पोहे बंद झाले, उप्पीट बंद झालं, सुशीला मात्र चालू होती. "एका भगुण्यात चार घाणे बुडवायचे, पाणी तेच. मुरमुऱ्याला अंघोळ नको, नुसतं तोंड धुतलं तरी पुरतं." हे मात्र त्यांनी फार छान सांगितलं, आणि ते सांगत असताना मी माझी सुशीला चावत होतो. चावतच होतो. जबडा दुखेपर्यंत.

मग मी गल्ल्याशी गेलो. मालकानं बोटांवर मोजलं. "दोन सुशीला साठ, भजे तीस, दोन चहा वीस. एकशे दहा, सर."

"दोन?"

"मामा तुमच्यासंगंच बसले होते न्हवं?"

इथं माणसानं काय म्हणायचं असतं? ते माझ्यासंगं नाहीत म्हणालो, तर गावच्या वडीलधाऱ्याला तीस रुपयांसाठी ओळख नाकारली, असं होतं. हो म्हणालो, तर ते माझे मामा होतात. मी स्कॅन केलं. गल्ल्यावरचा डबा अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल असा ओरडला, एकशे दहा रुपये मिळाले.

"बरोबर हाय," आतून मामांचा आवाज आला. "जुळतंय."

ज्या तीस रुपयांवर त्यांचा एवढा आक्षेप होता, ते तीस मी दोनदा भरले, आणि मंजुरी त्यांची.

मालक सुटे शोधल्यासारखं करत हळूच म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, सर. त्यांचं रोजच असतंय. रोज येगळा पाव्हणा."

दारावर दरफलक आहे. सुशीला ३०, मिरचीभजे ३०, चहा १०. खाली बरीच जागा मोकळी आहे. मामांचा दर तिथं लिहायला मालकाला काय अडचण आहे, ते मला कळत नाही.