भुईआवळीबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

'लिव्हरसाठी मी कॉफीची भलामण केली आणि आपल्या भुईआवळीचं नावसुद्धा घेतलं नाही, तुमच्या गावात तर कावीळ पिढ्यान्‌पिढ्या तिनेच उतरते', असं तुम्ही लिहिलंत. नाव घ्यायला हवं होतं, मान्य.

आमच्याही घरी पावसाळ्यात आई कुंपणाजवळची भुईआवळी मुळासकट उपटायची, स्वच्छ धुऊन पाट्यावर वाटायची आणि ताकातून द्यायची. पानांखाली ओळीने लटकलेले ते मोहरीएवढे आवळे अजून डोळ्यांसमोर आहेत. नववीत मी त्यानेच बरा झालो, असं घरी सगळे म्हणत. पण दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच उतरते. त्या दिवसांत पोटात जे जाईल त्याला गुण आला असं वाटतं. भुईआवळी कुणी तपासलीच नाही असंही नाही. 1988 मध्ये मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बीवरचा तिचा गुण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. पुढच्या चाचण्यांत तो तसा दिसला नाही.

माझ्या मामांनी तीन आठवडे हाच रस घेतला. अंगाला खाज, लघवी गडद, शौचाला पांढरट, तरी 'उतरेल' म्हणत राहिले. शेवटी सोनोग्राफीत पित्तनलिकेत अडकलेला खडा निघाला. खडा रसाने कसा हलणार? ते तीन आठवडे मला आजही सलतात.

गुळवेलीचंही तुम्ही विचारलंत. मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल असू शकते. माझी काळजी नेमकी तीच आहे. बाटलीतल्या रसात कुठली वेल आहे, हे तुम्ही-आम्ही कसं ओळखणार? आमटीतल्या हळदीवर माझा काडीचाही आक्षेप नाही. पण हळदीत कर्क्युमिन हा घटक असतो जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास; कॅप्सूलमध्ये त्याचा अर्क असतो, वर तो अंगात जास्त मुरावा म्हणून मिरीतलं पिपरिन. अशा कॅप्सूलनी लिव्हर सुजल्याच्या नोंदी आहेत.

तुमच्या गावात आत्ता कुणी कावीळ म्हणून रस घेत असेल, तर आधी रक्त तपासून घ्या, गरज पडली तर सोनोग्राफीही. बाई गरोदर असेल तर एक दिवसही थांबू नका, हिपॅटायटिस ई त्या काळात जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांना रसाबद्दल न लपवता सांगा.