'डोळ्यांचं कव्हर कशाला?' या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मतलब असा: साठीनंतर आरोग्य विमा घेताना डोळ्यांसाठी जास्तीचे पैसे घालू नका. मोतीबिंदू सगळ्याच पॉलिसींत असतो, नाहीतर पिकू द्या, शिबिरात फुकट ऑपरेशन होतं. चष्मा शे-दोनशेत मिळतो आणि सत्तरीनंतर सरकारी कार्ड आहेच. हे वाचून लोक आई-वडिलांची पॉलिसी ठरवताहेत, म्हणून लिहितोय.

"पिकू द्या" हा सल्ला जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनच्या काळातला. आता फेको पद्धतीत बारीक छेदातून आतलं भिंग फोडून काढतात. मोतीबिंदू जितका कडक, तितकं हे काम अवघड. फारच थांबलं तर भिंग फुगून डोळ्यातला दाब वाढू शकतो.

शिबिरांबद्दल माझी तक्रार नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यातून खेड्यापाड्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्यांना नजर परत मिळाली. २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वामागे सुमारे ६६ टक्के वाटा मोतीबिंदूचाच निघाला. पण उरलेल्यांचं काय? आमच्या शेजारचे आबा रोज ओट्यावर बसून पेपर वाचायचे. समोरचं अक्षर न् अक्षर दिसे, बाजूने येणारी मोटारसायकल मात्र अगदी जवळ येईपर्यंत दिसत नसे. डोळे दाखवून या म्हटलं की एकच उत्तर, "माले दिसस ना!" काचबिंदू बहुतेकदा असाच, न दुखता, कडेकडेने नजर खातो. गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशनने परत येत नाही. शुगरवाल्यांच्या डोळ्याचा आतला पडदाही काही त्रास नसताना दरवर्षी तपासावा लागतो. एका दिवसाच्या शिबिरात हे भागत नाही.

आता सगळ्यात फसवं वाक्य: मोतीबिंदू सगळ्याच पॉलिसींत असतो. असतो, पण कसा ते बघा. 'आरोग्य संजीवनी' ही २०२० पासून सगळीकडे एकाच नमुन्यात मिळणारी पॉलिसी घ्या. तिच्यात मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातलं जे कमी ते मिळतं. म्हणजे एक लाखाच्या पॉलिसीवर जास्तीत जास्त २५,००० आणि पाच लाखांची काढली तरी ४०,०००च. शिवाय मंजूर क्लेममधले ५ टक्के आपल्या खिशातून. आणि हे सगळं २४ महिने थांबल्यावर. डोळ्यापुढे धूसर यायला लागल्यावर एजंटला फोन करणाऱ्याला ही दोन वर्षं फार जड जातात. चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन तर नंबर ७.५ पेक्षा कमी असेल तर पॉलिसीत बसतच नाही. नुसती तपासणी, डोळ्यात घालायचे थेंब, चष्मा हा खर्च ओपीडीचं, म्हणजे दाखल न होता घ्यायच्या उपचारांचं, कव्हर वेगळं घेतलं नसेल तर बहुधा आपलाच.

सत्तरीनंतरचं 'आयुष्मान वय वंदना' कार्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं, उत्पन्नाची अट नाही, ते जरूर काढा. पण ते दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, दरवर्षीची तपासणी आणि चष्मा त्यात येत नाही. आणि साठ ते सत्तरमधल्यांनी काय करायचं?

शे-दोनशेच्या तयार चष्म्याने पेपर वाचता येतो. डोळ्यातला दाब किती आणि पडदा कसा आहे, हे तो चष्मा सांगत नाही.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला पटते. फक्त चष्म्याच्या पैशांसाठी वाढीव हप्ता मागत असतील आणि तो हप्ता चष्म्याच्या किमतीएवढाच असेल, तर घेऊ नका. खरा पैसा मोतीबिंदूची मर्यादा आणि ओपीडीतली डोळ्यांची तपासणी इथे आहे. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक मिळतं, त्यात मर्यादा आणि प्रतीक्षा कालावधीचे रकाने असतात. हप्ता भरण्याआधीच ते मागून घ्या आणि एजंटला विचारा: एका डोळ्याला किती, किती महिने थांबायचं, ऑपरेशनमध्ये काढलेल्या भिंगाच्या जागी भारी लेन्स टाकली तर वरचे पैसे कोणाचे, पडद्याच्या आजारासाठी डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनला मर्यादा किती. उत्तरं तोंडी नको, लेखी घ्या.