नवा सेल्फ, जुनंच खट्

जुनी गाडी बंद पडली की बिघाड एकच असतो, पण निदानं सोसायटीत फ्लॅट जितके तितकी.

माझी मारुती आठशे २००२ सालची. या गाडीचं उत्पादन २०१४च्या जानेवारीत थांबलं. तिच्याबद्दल मत देणाऱ्यांचं पुण्यात अजून जोरात चालू आहे. आरटीओनं नोंदणी दुसऱ्यांदा पाच वर्षं वाढवून दिल्यापासून तिला जरा जास्तच मिजास आली होती. आणि एका सकाळी किल्ली फिरवली तर आतून नुसतं ‘खट्’. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, इंजिन ढिम्म.

हे खट् मोठं फसवं. सेल्फ म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी विजेची मोटर. किल्ली फिरली की तिच्यावरच्या सोलेनॉइडमधला, म्हणजे विजेच्या चुंबकातला दांडा ओढला जातो, पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक पुढे सरकून इंजिनच्या फ्लायव्हीलच्या, म्हणजे मोठ्या चाकाच्या दात्यांत बसतं आणि त्याच झटक्यात बॅटरीचा मोठा करंट मोटरला मिळतो. खट् झालं म्हणजे दांडा कामाला लागला. पुढे घोडं कुठं पेंड खातंय, ते काही तो सांगत नाही. भराभर कट-कट-कट वाजलं असतं तर बॅटरी उतरली म्हणून मोकळं होता आलं असतं. इथे एकच, भारदस्त खट्.

“आमच्या फियाटला हँडल होतं,” तळमजल्यावरचे काका म्हणाले. “सेल्फ गेला तरी माणूस अडत नसे.” इंजिन हातानं फिरवायचं ते हँडल उलटं फिरून लोकांची मनगटं मोडायची, आणि चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकला लागला तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, हे मी बोललो नाही. काकांशी वाद घालायचा तर त्यांच्याइतकी रिकामी दुपार पाहिजे.

मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, सेल्फवर पान्ह्याचे दोन दणके घातले, पोचा पाडला आणि निकाल दिला: “आर्मेचर जळलंय साहेब.” आर्मेचर म्हणजे मोटरच्या पोटातलं तारांचं फिरतं गुंडाळं; पण उघडून बघणं नाही, वास घेणं नाही.

मग नाना पेठ, म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. दुकानदारानं रिबिल्ट, म्हणजे जुनाच दुरुस्त केलेला सेल्फ काउंटरवर आडवा धरला, बॅटरीच्या वायरी टेकवल्या, फट्‌कन ठिणगी उडाली आणि सेल्फ असा घोंघावला की शेजारचे नट-बोल्ट नाचत खाली पडले. “जुना ठेवून जा, चारशे कमी करतो.” त्याच्या डोक्यावरच पाटी होती: इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही.

नवा सेल्फ बसला. किल्ली फिरवली. खट्. तेच, त्याच पट्टीत.

आता सगळ्यांना कंठ फुटला. “रिबिल्ट घेतलात ना? मग भोगा.” “बॅटरी बदला.” वॉचमननं हळूच विचारलं, नारळ फोडला होता का. मेकॅनिक म्हणाला पीस खराब, दुकानदार म्हणाला मेकॅनिक खराब, आणि सेल्फ दुकानात नेला की घोंघावायचा, गाडीत बसवला की मौनव्रत. तोवर ऑफिस गाठायला धक्का. आठशेचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणून वॉचमन आणि पेपरवाला मिळून तिला दुसऱ्या गिअरवर जिवंत करायचे. मला टाय लावून गाडीमागे पळताना पाहून पोरं टाळ्या वाजवायची.

रविवारी बायकोला किल्लीवर बसवलं आणि मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. “मार!” खट्. “मार!” खट्. तिसऱ्या ‘मार’ला हात क्लचच्या केबलला लागला आणि चटका बसला. इंजिन गार, बॅटरी गार आणि केबल गरम! तिचा आणि विजेचा काडीचा संबंध नाही.

म्हणून ऑटो इलेक्ट्रिशियन मामांना गाठलं. त्यांनी मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली, लाल इंजिनच्या उघड्या लोखंडावर. “मारा सेल्फ.” अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको होता, काटा पाचाच्या पुढे. “अर्थिंग,” मामा म्हणाले आणि पहिल्यांदाच कोणीतरी एका शब्दात थांबलं. करंट सेल्फमध्ये जातो तसा त्याला बॅटरीकडे परतही यावं लागतं. इंजिनपासून बॉडीपर्यंतच्या विणलेल्या पट्टीवरून. ती गेली, तर तो सापडेल त्या वाटेनं येतो. आमच्याकडे तो क्लचच्या केबलमधून येत होता. तेवढ्या वाटेवर सोलेनॉइडचं भागतं. मोटरला शंभरच्या वर अँपिअर लागतात, तिचं कुठून भागणार! मामांनी जंपर केबलचं एक टोक निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनला लावलं. अर्ध्या फेरीत गाडी सुरू.

पट्टी निघाली ती हिरवी, भुसभुशीत, दोन-चार तारांवर लोंबकळणारी. नवी आली वडापाव-चहाच्या पैशांत. गंजलेला बोल्ट मात्र निघेना. पान्हा घसरून मामांची बोटं सोलली, तेव्हा गाडीच्या पूर्वजांचाही उद्धार झाला. मग पॉलिश पेपरनं लोखंड चकचकीत करून पट्टी आवळली.

“मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो, अर्थिंग बघा,” काका म्हणाले.

करंटनं क्लचची केबल आतून भाजून निघाली होती, म्हणून पुन्हा नाना पेठ. काउंटरवर ताजा चंदेरी रंग मारलेला एक सेल्फ घोंघावत होता. अंगावर ओळखीचा पोचा. समोर एक गृहस्थ पाकीट हातात धरून घुटमळत होते. मला म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं हो, घेऊ का? खात्रीचा असेल ना?”

“बिनधास्त घ्या,” मी म्हटलं. “याला कधी काही झालेलंच नाही.”